मशीनमध्ये गोडेतेल

शिलाई मशीनमध्ये स्वयंपाकघरातलं गोडेतेल घालणारा माणूस मिस्त्रीच्या लेखी माणसांत जमा नव्हता. गोडेतेल महिन्या-दोन महिन्यांत चिकट होतं, धूळ धरतं, सुईखाली फिरणारं शटल जाम करतं, आणि मग तोच माणूस मशीन उचलून दारात येतो नि म्हणतो, "काय झालंय कळत नाही बुवा, काल तर चालत होतं." अशा वेळी मिस्त्रीचा पारा जो चढायचा, तो चहाचा दुसरा कप पोटात गेल्याशिवाय उतरायचा नाही. तीस वर्षं हे असंच चाललं होतं. गिऱ्हाइकं खाली मान घालून ऐकायची आणि मशीन घेऊन जायची, कारण काम चोख होतं.

पण सहा महिन्यांपूर्वी धाकट्या बहिणीनं आईला फोन घेऊन दिला, त्यात एक ॲप घालून दिलं, आणि मिस्त्रीच्या मागे शुक्लकाष्ठ लागलं. या ॲपवर आपण काही टाकलं की पॉइंट, ते कोणी पाहिलं की पॉइंट, दुसऱ्याचं पाहून 'छान' म्हटलं तरी पॉइंट, आणि पॉइंट साठले की खात्यात पैसे. चौऱ्याहत्तर वर्षांची आई दुकानाच्या कोपऱ्यात बसून दिवसभर अनोळखी लोकांच्या मांजरांना, सोफ्यांना आणि नातवंडांना 'छान' म्हणायची. एकदा कोणाच्या तरी प्लास्टरमधल्या पायालाही म्हणाली.

मग एके दिवशी तिनं मुलाचा व्हिडिओ काढला. समोर एक गोडेतेलवाला उभा होता आणि मिस्त्री विचारत होता, "हे मशीन आहे का कढई? उद्या येऊन म्हणाल, जरा मीठ कमी पडलं!" नव्वद हजार लोकांनी पाहिला. दुसऱ्या दिवशी आईनं त्याच मुलाचा शांतपणे धाग्याचा ताण जुळवतानाचा व्हिडिओ टाकला. खरं तर कारागिरी तिथे होती. तो सतरा जणांनी पाहिला, त्यात दोनदा स्वतः आईनंच. लगेच ॲपचा निरोप आला: 'तुमच्या आधीच्या पोस्टला उत्तम प्रतिसाद मिळाला. अशीच आणखी एक टाका.' आईनं तो वडीलधाऱ्यांचा शब्द असल्यासारखा शिरसावंद्य मानला आणि खात्याचं नाव ठेवलं 'तापट मिस्त्री'.

"आई, मी काय माकड आहे का?"

"माकडाला इतके लोक बघत नाहीत," आई म्हणाली.

तेव्हापासून दुकानात त्याचा बारका स्क्रूड्रायव्हर रोज हरवू लागला. कैची भलत्याच खिळ्यावर सापडू लागली. तो बोंब मारून वळला की समोर फोन धरलेलाच असे. बायकोनं सल्ला दिला, "अहो, तुम्ही ओरडूच नका, म्हणजे त्या काढणार नाहीत." "मी ओरडत नाहीये!" तो इतक्या मोठ्यानं ओरडला की तोही व्हिडिओ चांगला चालला.

सरळ बंद करायला सांगावं, तर तेही जमेना. पहिल्या पैशांतून आईनं स्वतःसाठी हातांची खुर्ची घेतली होती. "माझ्या कमाईची ही पहिली वस्तू," असं म्हणत ती खुर्चीच्या हातावरून हात फिरवत बसायची. ते पाहून तो ओठांवर आलेलं 'बंद कर' गिळायचा, आणि गिळलं म्हणून पुन्हा स्वतःचाच राग यायचा.

अशात पडदेवाल्या ताईंचं मशीन आलं. ताई एकट्या राहत आणि घरी पडदे शिवत. वीस वर्षं त्यांचं मशीन याच दुकानात साफ होत होतं, आणि वीस वर्षं त्या तेलाची बाटलीसुद्धा इथूनच नेत. या वेळी एका गेस्टहाउसचे चाळीस पडदे मिळाले होते, त्यांचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. संध्याकाळी मशीन ठेवून त्या गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशीला आल्या, तेव्हा मिस्त्रीनं त्यांच्यासमोर शटलवरची पत्र्याची झडप उघडली. शटल गोडेतेलात न्हालं होतं. वास थेट नाकात गेला.

"ताई, तुम्ही? तुम्हीसुद्धा?" आणि मग सुरुवात झाली. कढई झाली, फोडणी झाली. ज्यांना वीस वर्षांत अक्कल आली नाही त्यांनी हातशिलाई करावी, इथपर्यंत गाडी गेली. ताई एवढंच म्हणाल्या, "मी कधीच घातलं नाही हो." पण ऐकतो कोण? त्या पाठ फिरवून निघून गेल्या. कोपऱ्यातल्या खुर्चीत आईनं फोन खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चार लाख लोकांनी पाहिलं होतं. मिस्त्रीला त्यात रस नव्हता. तो रॉकेलमध्ये शटल बुडवून ब्रश मारायला बसला आणि पहिल्याच फटक्यात तेल सुटून आलं. त्याचा हात थांबला. जुनं गोडेतेल असं सुटत नाही. ते पिवळा थर धरतं, खरवडून काढावं लागतं. हे पातळ होतं, वाहतं होतं, अगदी ताजं. आणि मशीन तर परवा संध्याकाळपासून त्याच्याच दुकानात होतं.

त्यानं मान वळवून आईकडे पाहिलं.

"दोन चमचेच घातलं," आई म्हणाली. "नवीन पिशवीतलं. चांगलं होतं."

चार दिवसांपूर्वी स्क्रूड्रायव्हरसाठी त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं, आणि आता त्यानं शटल हळूच फडक्यावर ठेवलं. तेलाला बोट जरी लावलं असतं तरी कळलं असतं. तीस वर्षं तो हेच काम करत होता. त्यानं बोट लावलंच नाही, तोंड उघडलं.

तो तसाच ताईंच्या घरी गेला. जिन्यापर्यंत कापडाचे ताके रचलेले. ताई टेबलावर कापड बेतत होत्या, पण कापत नव्हत्या. गेस्टहाउसच्या मॅनेजरचा फोन येऊन गेला होता. व्हिडिओ पाहून हसत हसत म्हणाला होता की, ताई, मशीनची ही तऱ्हा असेल तर काम दुसरीकडे देऊ का? शनिवारपर्यंत कळवतो.

मिस्त्रीनं सगळं सांगितलं, हात जोडले. ताईंनी ऐकून घेतलं.

"ओरडलात ते चार लाख लोकांपुढे," त्या म्हणाल्या, "आणि माफी मागायला एकटेच आलात होय?"

तो घरी आला, स्वच्छ शर्ट घातला, आईच्या हातात फोन दिला आणि शांतपणे, नीट, हात जोडून ताईंची माफी मागितली. रात्रीच्या जेवणापर्यंत ती एकोणचाळीस लोकांनी पाहिली. दुसऱ्या दिवशी सकाळीही एकोणचाळीसच.

"हे काय? बिघडलंय का काही?"

"बिघडलं नाही," बायको म्हणाली. "तुम्ही शहाण्यासारखं बोललात. ते कोण बघणार?"

म्हणजे शिवीगाळ घरोघर पोचवायला हे ॲप तयार, आणि माफी मात्र उंबऱ्यातच अडवणार! मिस्त्रीच्या मस्तकात तिडीक गेली. "काढ फोन," तो आईला म्हणाला. "काढ, आता दाखवतो!" आणि तो स्वतःवरच घसरला. ताज्या-शिळ्या तेलातला फरक न कळणारा मिस्त्री कसला, भंगारवाला! वीस वर्षांच्या गिऱ्हाइकावर आळ घेणाऱ्याच्या डोक्यातच रॉकेल ओतून ब्रश मारला पाहिजे! ताईंनी एक थेंब घातला नव्हता, तेल याच दुकानात पडलं, याच घरातल्या...

इथे तो अडखळला. आईचं नाव जिभेवर येईना.

"मी घातलं," फोनच्या मागून आईचा आवाज आला. "मी याची आई. पॉइंटांसाठी घातलं. त्या बाईचा काडीचा दोष नाही."

"आई, तू गप्प बस!"

"का गप्प बसू? खरं तेच सांगतेय."

हा सात लाख लोकांनी पाहिला. खाली शेकड्यांनी मजकूर आला, आणि त्यात तेलाबद्दल कोणी फारसं बोलत नव्हतं. आईशी असं बोलतात का? लाज नाही वाटत? अशा मुलाला घराबाहेर काढा, आजी. आजी प्रत्येकाला 'धन्यवाद बाळा' लिहीत होती. मिस्त्रीनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मग तिच्याजवळ जाऊन हात पुढे केला. आईनं थोडा वेळ फोन पदराखाली धरून ठेवला, मग दिला. त्यानं 'तापट मिस्त्री' काढून टाकलं.

"खुर्ची परत द्यावी लागेल का रे?" आईनं विचारलं.

"नाही गं," तो म्हणाला. "खुर्ची तुझीच आहे."

शनिवारी सकाळी तो मशीन स्वतः उचलून ताईंकडे घेऊन गेला. काम हातचं गेलं नव्हतं. नवा व्हिडिओ पाहून मॅनेजरनं फोन करून सांगितलं होतं की, पडदे तुम्हीच शिवा, तुमच्या मिस्त्रीची चांगली खोड मोडली. ताईंनी मशीन टेबलावर लावून घेतलं, चिंधीवर एक टीप मारली, उलटी करून पाहिली. टीप सुरेख होती. मिस्त्रीनं तेलाची नवी बाटली पुढे केली. ती त्यांनी सील तपासून घेतली.

"बरं झालंय," त्या म्हणाल्या. "आता पुढच्या वर्षी साफ करायचं असेल तेव्हा तुम्हीच इकडे या. मशीन तुमच्या दुकानात मी ठेवणार नाही. इथे, माझ्यासमोर उघडायचं."

कोणाच्या घरी जाऊन काम करायचं नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नियम होता. दुसरं कोणी असतं तर चार शब्द ऐकवले असते.

"येईन, ताई," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली आणि पहिला पडदा सुईखाली घातला.