उज्ज्वलाच्या कंबरेचा डॉक्टर

सुरतजवळ कडोदऱ्याच्या साड्यांच्या कारखान्यात ललित सुपरवायझर होता आणि उज्ज्वला तिथेच घड्या घालायची. दोघांचीही लग्नं झालेली होती, तरी रविवारी ती दोघं डुमसला समुद्रावर जात. ललित बायकोला, चंचलला, ओव्हरटाइम सांगे. उज्ज्वला घरी काय सांगते, हे त्याने कधी विचारलंच नाही.

एका संध्याकाळी तो डिंडोलीला घरी आला, तर उज्ज्वला आणि तिचा नवरा पांडुरंग चहा पीत बसलेले. मध्ये सुरती घारीच्या मिठाईचा डबा. उज्ज्वलाची मान खाली.

"ललितभाऊ, आभार मानायला आलो," पांडुरंगने त्याचे दोन्ही हात धरले. "दर रविवारी हिला कंबरेच्या डॉक्टरकडे नेता. मला तर पलसाण्याच्या मिलमधून सुट्टीच मिळत नाही. परक्या मुलखात एवढं कोण करतं?"

"माझीही कंबर दुखते," चंचल म्हणाली. "मलाही न्या त्याच डॉक्टरकडे. आत्ताच."

"चला, मीही भेटतो त्यांना," म्हणत पांडुरंगने चपला घातल्या.

चौघं रिक्षात बसली. उधन्यात हाडांच्या डॉक्टरची पहिली पाटी दिसताच ललितने रिक्षा थांबवली. काउंटरवरच्या मुलीने कॉम्प्युटरमध्ये उज्ज्वलाचं नाव शोधलं.

"नाम तो नहीं है. पहली बार आए हो?"

"नीट बघा ना. दर रविवारी येते," पांडुरंग म्हणाला.

"संडे को तो बंद रहता है, काका."

पांडुरंगने बायकोकडे पाहिलं, मग ललितकडे. तो तसाच बाहेर पडला. उज्ज्वला रडत त्याच्या मागे धावली.

चंचल मात्र आत गेली. डॉक्टरने कंबर दाबताच ती कळवळली.

"घर में पानी कौन भरता है?"

"मैं. तीसरा माला."

"और आप?" डॉक्टरने ललितला विचारलं. बायकोला खरंच एवढं दुखतंय, हे त्याला आत्ता कळत होतं.

"चुकलं माझं," पायऱ्यांवर तो पुटपुटला.

"मला काय सांगता? मी तर दोन महिन्यांपासून ओळखून होते," चंचल म्हणाली. "त्या भल्या माणसाला जाऊन सांगा."

ललित गेला. पांडुरंगने दार उघडलं, त्याला पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. शिवी दिली असती तर ललितला परवडलं असतं. गल्लीतल्या बाया ओट्यावर बसून बघत होत्या. त्यांच्यासमोरून तो मान वर न करता चालू लागला.