लाल दोऱ्याचा कोट

पंधरा दिवस झाले, नात भांडली नव्हती, आणि ही वागणूक आजीला अजिबात पसंत नव्हती. मान खाली घालून जेवणारी पोर या घरात आजवर जन्मली नव्हती. वाढलं ते गिळायचं, "हो आजी" म्हणायचं आणि खोलीत जाऊन दार लावायचं. घरातलं माणूस म्हणायचं की भाडेकरू?

त्याआधी वर्षभर पोरीनं जीव नको केला होता. कायद्याच्या कॉलेजात विधिशास्त्र नावाचा विषय लागला आणि घरातला एकही नियम धड उभा राहीना. कायदा म्हणजे काय, तो का पाळायचा, अन्यायाच्या कायद्याला कायदा म्हणायचं की नाही, असलं सगळं त्या जाडजूड पुस्तकात होतं.

"आजी, दुकानात शिट्टी वाजवायची नाही, हा नियम कुणी केला?"

"मी."

"आणि नाही पाळला तर?"

"कानाखाली."

"बघ! हुकूम आणि त्यामागं शिक्षेची भीती. एका मोठ्या पंडितानं कायद्याची हीच व्याख्या केलीय."

"मग त्याला पाठव माझ्याकडे. पुढचं मी शिकवते."

यावर दुकानातला इस्त्रीवाला हसता हसता इस्त्री खाली ठेवायचा आणि म्हणायचा, "वकीलसाहेब, हरलात."

दुकान लाँड्रीचं. आजीची शाळा दुसरीतच सुटलेली, चिठ्ठीवरचं वाचायला तिला वेळ लागे. म्हणून तिनं दोऱ्यांचा कायदा काढला होता. कपडा घेतानाच कॉलरच्या आत दोऱ्याचा टाका घालायचा. पांढरा दोरा म्हणजे गरम पाणी, निळा म्हणजे गार पाणी, लाल म्हणजे पाण्याचा थेंबही नाही. काउंटरवर बसेल त्यानं टाका घालायचा, धुलाईवालीनं दोरा बघून धुवायचं, आणि कपडा परत देताना आजीनं स्वतः दोरा कापायचा. तीस वर्षांत हा कायदा कधी चुकला नव्हता.

आणि मग हेडमास्तरांचा लोकरीचा कोट गरम पाण्यात गेला. बाहेर आला तो सातवीतल्या पोराला बसेल एवढा. हेडमास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते बाही हातात धरून उभे राहिले. आजीनं कॉलर उलटी केली. लाल दोरा.

"डोळे फुटले होते का तुझे?" तिनं भरल्या दुकानात धुलाईवालीला विचारलं.

"बाई, दोरा पांढरा होता. शपथेवर सांगते."

"वर खोटंही बोलतेस? हा काय मग? चालायला लाग."

अकरा वर्षं त्या हौदाशी उभी राहिलेली बाई हात पुसून निघून गेली. काउंटरमागं नात उभी होती. ती मान खाली घालून दोऱ्यांची रिळं डब्यात भरत राहिली. पोर भेदरली असेल, असं आजीला वाटलं होतं.

आज हेडमास्तर परत आले. "तो कोट देऊन टाका," म्हणाले, "घालायचा नाही, पण असू दे घरात." आजीनं कपाटातून कोट काढला आणि सवयीनं कात्री हातात घेतली. दोरा चिमटीत धरला आणि तिचा हात तिथंच थांबला.

दोरा कोरा होता. मऊ, चकचकीत, रिळावरून आत्ता काढल्यासारखा. दुकानातला लाल दोरा हलक्यातला, पहिल्याच पाण्यात रंग सोडणारा. पाण्यात न जाणाऱ्या कपड्यांना तो लावायचं तिनं म्हणूनच ठरवलं होतं. हा कोट तर गरम पाण्यात उकळून निघालेला आणि कॉलरचं पांढरं अस्तर मात्र स्वच्छ. गुलाबी डाग नावाला नाही. त्या अस्तरावर, लाल टाक्याच्या शेजारीच, सुईची दोन जुनी भोकं होती.

म्हणजे हा दोरा धुतल्यानंतर घातलेला होता. आणि कोट घेतला त्या दिवशी काउंटरवर नात बसली होती.

आजीच्या कानशिलांत वाफ चढल्यासारखं झालं. एका कॉलरवरून माणसाची नोकरी ओळखणारी ती, तिनं त्या दिवशी दोऱ्याकडे बघितलं होतं ते फक्त ओरडण्यापुरतं. हेडमास्तरांच्या तोंडाकडे तिला बघवेना. "चूक दुकानाची होती," एवढं कसंबसं बोलून तिनं कोट त्यांच्या हातात दिला. कापलेला दोरा मुठीत ठेवला.

नात खोलीत लिहीत बसली होती. टेबलावर सरांनी तपासून दिलेला निबंध होता.

"काय लिहिलंयस? वाच मला."

"तुला नाही कळायचं, आजी."

"नाही कळलं तर विचारीन. वाच."

नातीनं वाचलं, अगदी हळू. "ज्याच्यावर आरोप आहे, त्याचं म्हणणं नीट ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. आपल्याच भांडणात आपणच न्यायाधीश..."

आजीनं मूठ उघडून दोरा त्या कागदावर ठेवला.

"कोट आला त्याच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा होती," नात म्हणाली. तिची मान अशी खाली गेली की भांग तेवढा दिसत होता. "मांडीवर पुस्तक होतं. मी बघितलंच नाही, कोणता दोरा ओवला ते. मग दोरीवर आटलेला कोट बघितला आणि दोरा बदलून टाकला... तू मला दुकानातनं हाकलशील असं वाटलं. मला वाटलं तिला नुसतं रागावशील. सरांनी हा निबंध वर्गात वाचून दाखवला, आजी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी वर्गातून उठून बाहेर निघून गेले."

आजीला तिला एक ठेवून द्यावीशी वाटली. पण कुठल्या तोंडानं हात उचलायचा? त्या पोरीनं टाका घातला होता, निकाल आजीनं दिला होता.

"चप्पल घाल," ती म्हणाली.

धुलाईवालीनं दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. आजीनं सगळं सांगितलं, स्वतःचं आधी, मग नातीचं. आयुष्यात पहिल्यांदा ती कुणाच्या उंबऱ्याबाहेर उभी राहून बोलत होती.

धुलाईवालीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, मला खोटारडी म्हणालात ते भरल्या दुकानात. आणि खरं सांगायला इथं जिन्यात आलात, दिवा पण नाही अशा जागी. शेजारची विचारते, काय चोरलंस म्हणून काढलं? तिला मी काय सांगू?"

दार लागलं. जोरात नाही, हळूच लागलं, आणि तेच आजीला जास्त झोंबलं.

जिन्याच्या खालच्या पायरीवर नातीनं तिचा पदर धरला. "आजी, दुकानात नको ना. माझ्या वर्गातली निम्मी मुलं तिथं कपडे टाकतात. सरांचे शर्टसुद्धा येतात. कळलं तर मी कॉलेजात तोंड कसं दाखवू? मी तिची रोज माफी मागीन, इथं येऊन."

आजीनं पदर सोडवून घेतला आणि तिच्याकडे वळली.

"ऐक आता. शनिवारी संध्याकाळी, दुकान गच्च भरलेलं असतं तेव्हा, मी काउंटरवर उभी राहून सांगणार, की मी न बघता, न ऐकता एका खऱ्या बाईला हाकललं. माझं झालं की तू बोलायचं, दोरा कुणी बदलला ते, तुझ्या तोंडानं, सर उभे असतील तर त्यांच्याकडे बघून. धुलाईवालीला मी आधी निरोप पाठवीन. आली तर तिची जागा तिची, नाही आली तरी आपण बोलायचं. आणि त्यानंतर तुला कॉलेजात जायची लाज वाटली ना, तर लाज घेऊनच जायचं, पण जायचं. कायदा सोडून घरी बसलेली मला चालणार नाही."