भरून दिलेली परात

मी पितळेची परात बोलतेय. गोव्यात, हरमलच्या ज्यू इतिहास संग्रहालयात, दुसऱ्या दालनातल्या भिंतीवरून. परातीची जागा जमिनीवर, चार माणसांच्या मध्ये. इथं मला खिळ्याला टांगलंय.

डिचोलीच्या एका कासारानं मला ठोकून घडवलं. रिबकाबाई आवासकरांनी मला विकत घेतलं. त्यांचे यजमान चोपड्याच्या फेरीबोटीवर इंजिन मिस्त्री होते, घरही चोपड्यालाच. माणसं मूळची अलिबागकडची, बेने इस्रायली ज्यू. घरात काही चांगलं घडलं की त्या एलियाहू हन्नावी या प्रेषिताच्या नावानं मलिदा करायच्या. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वर फळं. हे सगळं माझ्यात कालवलं जायचं. प्रार्थना झाली की पहिली वाटी शेजारच्या पद्मावतीकडे.

ती वाटी कधी रिकामी परत आली नाही. कधी गूळ, कधी चार आमसुलं, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. इकडे रिकामं भांडं शेजारी पाठवत नाहीत. भरून आलेलं भांडं ठेवून घ्यायचं नसतं, भरून परत करायचं असतं. लहान मुलांनाही हे सांगावं लागत नाही.

नदीवर पूल झाला, फेरी बंद पडली. आवासकरांनी इस्रायलला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी रिबकाबाईंनी मला मलिद्यानं काठोकाठ भरलं आणि पद्मावतीच्या हातात दिलं. म्हणाल्या, "पद्मा, भरून देतेय हं. रिकामी घेणार नाही मी परत."

पद्मावती रडता रडता हसली. "आगे, तू ये तर खरी!"

वीस वर्षं तिनं मला चिंच लावून घासलं, वेळच्या वेळी कल्हई करून आणली. माझ्यात तिनं कधी तांदूळसुद्धा निवडले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी हर्षा आली. हे संग्रहालय तीच चालवते. गोव्यात येऊन राहिलेल्या ज्यू कुटुंबांच्या वस्तूंचं प्रदर्शन ती मांडत होती. "मावशी, एका महिन्यासाठी द्या. हनुका, त्यांचा दिव्यांचा सण, संपला की मी स्वतः आणून देते."

पद्मावतीनं मला दिलं, पण रिकामं नाही. पोहे, खोबरं, गूळ घालून भरून दिलं. हर्षानं पोहे खाल्ले, बोटं चाटली. मला वाटलं, हिला कळलं. हर्षा डिचोलीचीच. तिच्या आईनं तरी शेजारचं भांडं कधी ठेवून घेतलं असेल?

आठव्या दिवशी माझ्या काठाला ड्रिलनं भोक पाडलं. खाली कार्ड लागलं : 'श्रीमती पद्मावती यांजकडून सप्रेम भेट.'

इथं वर्दळ असते. शुक्रवारी संध्याकाळी हरमलला उतरलेली इस्रायली पोरं येतात, मेणबत्त्या लावतात, गातात. गावातले लोकही येऊन बसतात. गेल्या महिन्यात हर्षानं 'मलिद्याची परंपरा' असा कार्यक्रम ठेवला. मलिदा केटररकडून आला, स्टीलच्या ट्रेमधून. मी वरून बघत होते. लोक माझे फोटो काढत होते.

हर्षा मला परत द्यायला गेलीच नाही, शेवटी सोमवारी पद्मावतीच आली. रिबकाबाई गेल्या वर्षी तिकडे वारल्या. त्यांचा नवस होता, नातू झाला की याच परातीत मलिदा. त्यांची लेक नाओमी बाळाला घेऊन गोव्यात येणार होती.

"मावशी, भेट म्हणून नोंद झालीय," हर्षा म्हणाली. "आता विश्वस्तांना विचारावं लागेल."

"भेट खंयची गो? मी परात भरून दिली न्हय तुका? भरून दिलेलं आयदन कोणी दवरून घेता?"

हर्षा टेबलावरचे कागद सारखे करत राहिली.

"तुका ठावक नसतं तर मी काय म्हटलं नसतं," पद्मावती हळू म्हणाली. "पूण तुका ठावक आसा."

काल नाओमी इथं आली, बाळ कडेवर घेऊन. मला ओळखलं तिनं. मग कार्ड वाचलं, दोनदा. शेजारी पद्मावती उभी होती, पोह्यांची पिशवी हातात.

"भेट दिलीत, मावशी?" नाओमीचं मराठी अजून आईसारखंच आहे. "आई म्हणायची, पद्मा सांभाळेल."

छापील कार्डापुढे आपला एकटीचा शब्द काय टिकणार, म्हणून पद्मावतीनं हर्षाकडे बघितलं. हर्षा दाराशीच होती. एक वाक्य तिनं बोलायचं होतं. ती आलेल्या पाहुण्यांना पहिलं दालन दाखवायला निघून गेली.

भोक पाडलं तेव्हा मला इतकं दुखलं नव्हतं.

आज शुक्रवार. नाओमी रविवारी परत जाणार. हर्षा, हे तुझ्यासाठी बोलतेय. ते कार्ड काढ, मला खाली उतरव, चोपड्याला घेऊन जा आणि त्या दोघींसमोर खरं सांग. आणि जाताना मला रिकामी नेऊ नकोस. मूठभर पोहे घाल. भोक काठाजवळ आहे, त्यातून काही गळत नाही.