साडेचारचा गजर

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. माझ्या डोक्यावर दोन घंट्या आहेत, त्यातली डावी जरा चेपलेली आहे. पाठीवर दोन किल्ल्या आहेत, एक वेळेची आणि एक गजराची. दोन्ही रोज फिरवाव्या लागतात. हे आधीच सांगून ठेवतो, कारण माझ्या हातून घडलेली सर्वांत मोठी चूक या किल्ल्यांशीच जोडलेली आहे.

माझा जन्म जर्मनीतल्या एका कारखान्यात झाला. माझ्या मालकाचा, अर्गिरिसचा, थोरला भाऊ त्या देशात मजुरीला गेला होता. धाकट्याला बोटीवर नोकरी लागल्याचे कळताच त्याने मला लोकरी मोज्यात गुंडाळून इकडे ग्रीसमध्ये, कावालाला आणले. कावाला हे समुद्रकाठचे गाव आणि समोर थासोस बेट. त्या दोन काठांमध्ये एव्दोकिया नावाची प्रवासी बोट फेऱ्या मारायची. अर्गिरिस तिच्या पोटात इंजिनापाशी असायचा आणि त्याचा मित्र थ्रासोस वर दोर टाकायला. तेहतीस वर्षे मी पहाटे पाचला वाजलो. एका सुट्टीच्या दिवशीही वाजलो, तेव्हा अर्गिरिसच्या बायकोने, दिआमांदोने, मला पलंगावरून खाली भिरकावले. डावी घंटा तेव्हाची. पण अर्गिरिस येईल त्या पाहुण्याला सांगायचा, "या घड्याळानं माझी एकही फेरी चुकवली नाही." असे कोणी म्हटले की बरे वाटते, ते लपवण्यात अर्थ नाही.

पुढे बोट म्हातारी झाली. तिला ओढून नेऊन तोडले, पत्रा विकला, नावाची पाटीसुद्धा भंगारात गेली. त्याच वर्षी अर्गिरिस आणि थ्रासोस निवृत्त झाले आणि मी बटणांच्या डब्याशेजारी खणात पडलो. तिथे तीन वर्षे गेली. त्या तीन वर्षांबद्दल सांगण्यासारखे काही नाही.

मला खणातून बाहेर काढले ते एका खेळाने. थ्रासोस टेकडीवरच्या जुन्या वस्तीत लेकीकडे राहायचा. त्याचे गुडघे गेले होते आणि त्या घरापासून बंदरापर्यंत एकशे चाळीस पायऱ्या. लेकीने त्याला कॉम्प्युटरवर प्राचीन ग्रीसचा एक खेळ लावून दिला. त्यात प्रत्येकाने आपले नगर वसवायचे, तटबंदी बांधायची, जहाजे बांधायची. थ्रासोसने आपल्या नगराचे नाव ठेवले एव्दोकिया. मग फोन करून अर्गिरिसलाही त्यात ओढले. दोघे पुन्हा शेजारी आले, एकाच बेटावर, मध्ये एकही पायरी नव्हती.

त्या खेळाचा एक नियम मला मनापासून पटतो. नुसती जहाजे आहेत म्हणून दुसरे नगर घेता येत नाही. आधी आपली माणसे सुसंस्कृत झाली पाहिजेत. त्यासाठी संस्कृतीचे गुण मिळवायचे, आणि ते ठरावीक साठले की एक नगर जास्त घेण्याची मुभा मिळते. गुण मिळवण्याचा एक मार्ग म्हणजे नगरात जत्रा भरवणे. लाकूड, दगड आणि चांदी ओतायची, जत्रा बरोबर एक दिवस चालते आणि संपली की एक गुण. दुसरा मार्ग विजयाच्या मिरवणुकीचा. पण त्यासाठी लढाईत, निदान तट राखताना तरी, शत्रूचे सैनिक पडावे लागतात. अर्गिरिसला लढाई आवडत नसे. त्याने दोनाची तीन नगरे केली ती केवळ जत्रांवर.

जत्रा संपल्या संपल्या दुसरी सुरू केली नाही तर वेळ वाया जातो. म्हणून दुपारी जेवण झाले की अर्गिरिस माझ्या दोन्ही किल्ल्या फिरवायचा आणि झोपायचा. साडेचारला मी वाजायचो. पण माणूस उठणार, चष्मा शोधणार, त्यात दोन-तीन मिनिटे जायचीच, आणि जत्रा रोज तेवढ्याने पुढे सरकायची. महिनाभरात ती सहाच्या घरात गेली की एक दिवस सोडून द्यायचा आणि पुन्हा साडेचारला यायचे. त्या दिवशी त्याचा चेहरा उतरलेला असायचा.

"काय रे जत्रावाल्या," फोनमधून थ्रासोसचा आवाज खोलीभर ऐकू यायचा, "तुझी माणसं कामधंदा कधी करतात?"

"तुझी माणसं मरतात, माझी नाचतात," अर्गिरिस म्हणायचा.

"ह्या वयात भातुकली!" दिआमांदो स्वयंपाकघरातून सुनवायची. "खऱ्या जत्रेला चल म्हटलं की ह्याची कंबर धरते."

त्या बेटावर तिसरी होती कालिओपी. ती क्झान्थी गावात औषधाचे दुकान चालवायची. तिला कोणी प्रत्यक्ष पाहिले नव्हते, पण सर्वांत जास्त जहाजे तिचीच. ती अर्गिरिसला निरोप पाठवायची, "आजोबा, तट जरा उंच करा, मला चढायला मजा येत नाही." एव्दोकियावर तिचा डोळा होता आणि ती ते उघड सांगायची. जिंकलेल्या नगराचे नाव ती सर्वांत आधी बदलायची.

मार्च महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी थ्रासोस खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

पुढचे तीन दिवस अर्गिरिस टेकडीवरच होता म्हणायला हरकत नाही. झोपायला घरी यायचा, पण माझ्याकडे बघायचा नाही. मंगळवारी दुपारी माझा वेग मंदावला. मी शक्य तितके ताणून धरले आणि चार वाजून आठ मिनिटांनी थांबलो. साडेचार वाजायला बावीस मिनिटे उरली होती. घड्याळाला स्वतःहून चालता येत नाही, हे मला ठाऊक आहे. तरी मला लाज वाटली.

गुरुवारी तो कॉम्प्युटरपुढे बसला. तिन्ही नगरांमध्ये तीन दिवस जत्रा नव्हती. मग त्याने एव्दोकिया उघडली. खेळाचा नियम असा, की मालक चौदा दिवस फिरकला नाही तर नगर बेवारस होते आणि जो आधी पोचेल त्याचे होते.

"अकरा दिवस राहिले," तो बोटांवर मोजत म्हणाला. "रोजच्या तीन जत्रा. तेहतीस गुण."

"आणि लागतात किती?" दिआमांदोने विचारले. तिने खेळाबद्दल पहिल्यांदाच काही विचारले होते.

"छत्तीस. तीन कमी पडतात. एक दिवस, दिआमांदो. एक दिवस आधी बसलो असतो तर पुरले असते."

"ते नगर नाही मिळालं तर काय होईल?"

"ती पोरगी घेईल. नाव पुसेल." त्याने चष्मा काढला. "बोट तोडली तेव्हा थ्रासोस म्हणाला होता, पत्रा नेऊ दे, नाव माझ्याकडे आहे. आता ते कुणाकडे असणार?"

 दिआमांदोने मला उचलले, दोन्ही किल्ल्या फिरवल्या आणि जागेवर ठेवले. त्या दिवसापासून मी साडेचारला एकदाही चुकलो नाही. पण मी कितीही वेळेवर वाजलो तरी तेहतिसाचे छत्तीस होणार नव्हते.

थ्रासोस गेल्यापासूनच्या दहाव्या दिवशी दुपारी अर्गिरिस झोपलेला असताना दिआमांदो त्याच्या खुर्चीत येऊन बसली. तिने कॉम्प्युटरला कधी हात लावला नव्हता. एका बोटाने एकेक अक्षर शोधत ती हळू आवाजात बोलत होती, म्हणून मला सगळे कळले. "पोरी, मी अर्गिरिसची बायको. तुमचा खेळ मला समजत नाही. थ्रासोस गेला. एव्दोकिया आमची बोट होती. माझ्या नवऱ्याचं उभं आयुष्य तिच्यावर गेलं. त्याला तीन गुण कमी पडतात म्हणे. नगर तू घे, पण नाव बदलू नकोस. एवढंच." एवढे लिहायला तिला चाळीस मिनिटे लागली. मी वाजायच्या आत ती उठून गेली.

तेराव्या दिवशी मी वाजलो, अर्गिरिस उठला आणि पडद्यासमोर बसताच ओरडला, "देवमाते! हल्ला!"

"कुणाचा?" दिआमांदो धावत आली.

"तिचाच! एक नाही, साठ हल्ले! तिन्ही नगरांवर! उद्या मी मध्ये येऊ नये म्हणून आजच बुडवतेय मला."  मग तो थांबला आणि पडद्याच्या जवळ सरकला. "हे काय? एका नावेत दोनच गोफणवाले. दुसऱ्या नावेतही दोन. हे तर तटाखालीच पडतायत सगळे. मूर्ख झाली का ही?"

तेवढ्यात निरोप आला. त्याने तो मोठ्याने वाचला.

"आजोबा, मोजत बसू नका, तीन मिरवणुकांना पुरतील एवढे आहेत. प्रत्येक नगरात एक काढा, उद्या दुपारपर्यंत संपतील. दोन-दोनच पाठवले, तुमच्या नाचणाऱ्या माणसांना जड जायला नको. थ्रासोसनं माझी नऊ जहाजं बुडवली होती. असा शेजारी परत मिळायचा नाही. आणि आजीला सांगा, पत्र मिळालं."

अर्गिरिसने मान वळवली. "कुठलं पत्र?"

"माझी डाळ लागली वाटतं," असे म्हणून दिआमांदो स्वयंपाकघरात गेली. मला लागल्याचा वास काही आला नाही, अर्थात मला नाकही नाही.

चौदाव्या दिवशी मी साडेचारला वाजलो तेव्हा तो आधीच खुर्चीत होता. जत्रा संपल्या, छत्तीस गुण झाले. कालिओपीची जहाजे बंदरात तशीच उभी राहिली. अर्गिरिसचे जहाज पोचले आणि त्याने नगराचे नाव वाचले, "एव्दोकिया." पुन्हा एकदा वाचले. मग तिथे पहिली जत्रा लावली आणि सवयीने फोन उचलला. थ्रासोसचा अर्धा नंबर दाबून झाल्यावर त्याच्या लक्षात आले. फोन खाली ठेवून तो रडला. दिआमांदो त्याच्या खुर्चीमागे उभी राहिली.

आता माझे वय झाले आहे. दिवसाला चार मिनिटे मागे पडतो. चार नगरांच्या जत्रा आहेत, त्यामुळे काम वाढले आहे. अर्गिरिस किल्ली द्यायला विसरला तर दिआमांदो देते, आणि कधी कधी दोघेही देतात.

मित्रांनो, घड्याळे जपा, असे मी सांगणारच, तो माझा स्वार्थ आहे. पण आणखी एक मागणे आहे. ज्याचे माणूस जाते, तो किल्ली द्यायला विसरतो. अशा घरी भेटायला गेलात, तर दोन शब्द बोलून झाल्यावर भिंतीकडे, टेबलाकडे एक नजर टाका. घड्याळ बंद पडलेले दिसले तर त्याला विचारत बसू नका. तुम्हीच किल्ली द्या.