तक्त्यावरची डोकी

क्रेनकाकांनी उभा जन्म माणसं वरून पाहिली. गोदीतल्या उंच क्रेनच्या काचेच्या खोलीत बसायचं, लोखंड उचलायचं, लोखंड ठेवायचं. खाली माणसं म्हणजे नुसती डोकी. कुणाचा भांग वाकडा, कुणाच्या टाळूवर भोवरा. टक्कल पडायला लागलं की त्या माणसाच्या बायकोआधी काकांना कळायचं. चेहरा बघायचा तो घरी येऊन. घरीही एकच चेहरा होता, तो मागच्या थंडीत मावळला.

मग घर असं झालं की चमचा पडला तरी भिंती दचकायच्या. मुलगी परमुलखात. रविवारी फोन.

"बाबा, जेवलात?"

"जेवलो गं."

"गोळी?"

"घेतली."

तारेवरून माया येते, हात येत नाही.

हात होता तो कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचा. काकू गेल्यावर काका पहिल्यांदा केस कापायला बसले, तेव्हा त्यानं डोक्यावर तळवा ठेवला, दोन बोटांनी मान पुढे झुकवली, कानामागचे केस हलकेच फुंकले. काकूंमागे आपल्याला कुणी शिवलंच नाही, हे काकांना त्या क्षणी उमगलं. डोळे भरले.

"केस गेला वाटतं डोळ्यात," ते म्हणाले.

"जातो कधी कधी," सलूनवाला म्हणाला आणि टॉवेलचं टोक पुढे केलं.

आता केस काही गवत नव्हे, रात्रीत वाढायला. आणि उगाच कुणाच्या दारात जाऊन बसणं काकांच्या रक्तात नव्हतं. काम नसेल तर क्रेनचा दांडा हलवायचा नाही, हा जन्माचा नेम. काम हवं होतं. ते भिंतीवर टांगलेलं सापडलं: पुरुषांच्या केसांचा रंगीत तक्ता. वरच्या ओळीत जुन्या घाटाची डोकी, तेल लावून चापून बसवलेली. खालच्या ओळीत आजकालची, बाजूनं तासलेली नि वर तुरा ठेवलेली.

बाजूचा भांग मोडून काकांनी मधला पाडून घेतला. पुढल्या खेपेला अंडरकट. मग फेड, खाली पांढरी धूसर आणि वर जाता जाता दाट.

"काका, लग्नबिग्न ठरलंय की काय?" बाकावरचा मिशाळ पोस्टमन डोळा बारीक करून विचारायचा.

"तुमच्याच हातून पत्रिका वाटणार आहे," काका म्हणायचे, आणि दुकान हसायचं.

पण हिशेब चुकला. प्रत्येक नवा घाट आधीच्यापेक्षा आखूड. जन्मभर वजनाचा अंदाज बांधलेल्या माणसाला एवढं सुचू नये! एके दिवशी वर बोटभरही उरलं नाही, तेव्हा काकांनी तक्त्यावरच्या शेवटच्या डोक्यावर बोट ठेवलं. बझ कट.

"हे केलं की मला कापायला काही उरत नाही हं, काका."

"चालवा मशीन," काका बोलून गेले. नको म्हणायचं तर आलो कशाला, हे सांगावं लागलं असतं.

घरी आरशापुढे त्यांनी स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. मऊ होतं, मखमलीसारखं. पण आपल्याच हातानं आपल्याला गुदगुल्या होत नाहीत, तसंच ते. आपलं डोकं, आपला हात. मधे कुणीच नाही.

मग ते दुकानासमोरून जायचे ते पलीकडच्या कडेनं, तिरक्या नजरेनं काचेत बघत. एकदा पाय आपसूक आत वळले.

"माझा कंगवा राहिला का हो इथे?"

पोस्टमननं काकांच्या भादरलेल्या डोक्याकडे पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "कंगवा कशाला, काका? फडकं मारा, फडकं!"

काकाही हसले. सगळ्यात मोठ्यानं तेच हसले, आणि दाराकडे वळले.

सलूनवाला हसला नव्हता. हातातला टॉवेल त्यानं झटकला. "काका, तो वरच्या ओळीतला राहिलाय की. मागे वळवलेला, मानेवर रुळणारा."

"तो तर वाढवावा लागेल."

"लागेलच. आणि नुसता वाढू दिला तर रान माजतं. दर आठवड्याला मान साफ करायची, कानामागची कड धरायची. लांब केसांची उस्तवार फार, काका. वर्ष जाईल."

"ह्या डोक्यावर?" पोस्टमन म्हणाला.

"तुम्ही गप बसा. तुमची मिशी अजून माझ्या हातात यायचीय." खुर्ची वळवून तो म्हणाला, "बसा, काका."

काकांनी खुर्चीची पाठ धरली. ह्याला सगळं कळलंय, हे त्यांना कळलं. लाजून घरी जावं, तर घरी त्या भिंती. ते बसले.

गळ्याभोवती कापड आलं. डोक्यावर तळवा आला, ऊबदार, जड.

"मान खाली."

काकांनी मान खाली घातली आणि डोळे मिटले. वस्तऱ्याला कापायला काहीच नव्हतं. तरी तो मानेवरून सावकाश फिरत राहिला.