काउंटीतली पहिली

शनिवारी दुपारी एझोला केस करून घ्यायला व्हर्नीसच्या दुकानात शिरली, तशा वाट बघत बसलेल्या दोघींनी लगेच तिला आपला नंबर देऊ केला.

"बस गं बस! मतदार बाईला ताटकळत ठेवायचं का?"

अलाबामातल्या त्या काउंटीत मतदार यादीत नाव लागलेली ती पहिली काळी बाई. उद्या चर्चमध्ये पाद्री तिला पुढच्या बाकावर बसवणार होते.

व्हर्नीस शेगडीवर केस सरळ करायचा लोखंडी कंगवा तापवत होती. पोटातली आग त्याहून कडक होती. यादीत नाव लागायला काळ्यांना लिहिण्या-वाचण्याची आणि घटनेची परीक्षा द्यावी लागे. सहा महिने मागच्या खोलीतल्या वर्गात याच एझोलाचा हात धरून तिनं एकेक अक्षर गिरवून घेतलं होतं, घटनेची कलमं घोकून घेतली होती. मतदार नोंदणीच्या कचेरीत दोघी एकाच दिवशी गेल्या. आणि शिकवणारी नापास, शिकणारी पास!

"कान धर."

एझोलानं कानाची पाळी दुमडून धरली. "चटका देऊ नकोस हं. उद्या सगळे बघणारेत."

"माहितेय. आठवडाभर गावाला दुसरा विषय नाही."

एझोला आरशातून बघत हळूच म्हणाली, "तू 'मिसेस' कशाला लिहिलंस गं?"

व्हर्नीसचा हात थबकला. गोऱ्यांच्या तोंडून काळ्या बाईसाठी 'मिसेस' कधी निघत नसे. म्हणून तर ती वर्गात प्रत्येकीला तशीच हाक मारायची, तसंच लिहायला लावायची. अर्जावर 'मिसेस व्हर्नीस टॉलिव्हर' वाचून कारकून हसला होता, आणि त्यानं कागद टराटरा फाडला होता.

"मी शिकवलेलं मीच विसरू?"

"मी विसरले. 'एझोला, इथं सही कर,' म्हणाला तो कारकून, पोरीटोरीला म्हणावं तसं. गिळलं नि केली सही. म्हणून पहिली." एझोलानं आरशातून नजर काढली. "तुझा कागद फाटला ना, तेव्हा मला तुझा हेवा वाटला."

व्हर्नीसला बरं वाटलं. वाटलं याची लाजही वाटली, पण थोडीच.

"सोमवारी जाते पुन्हा," ती म्हणाली.

"काय लिहिशील?"

"तेच."

"आणि फाडला तर?"

"तर मंगळवारी." तिनं बट अलगद सरळ केली. "उद्या पाद्रींना सांग, नाव घेताना मिसेस म्हणा. नाही म्हणाले तर उठू नकोस जागची. आणि मला शेजारी बोलावू नकोस. एवढं मन मोठं नाही झालेलं माझं अजून."