एलू मिस्त्रीचे पुलपीट

मित्रांनो, बेटेगावच्या प्रार्थनाघरात पत्र्याच्या छपराखाली जे लाकडी पुलपीट उभे आहे, ते मी. उपदेशक माझ्यामागे उभे राहतात, माझ्या उतरत्या फळीवर शास्त्र उघडून ठेवतात आणि बोलतात. आज मला माझी हकिकत सांगायची आहे. ती माझ्यापेक्षा दोन माणसांची जास्त आहे.

मला घडवले एलू मिस्त्रीने. त्याचे पूर्ण नाव एलियाजर. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणात पिढ्यानपिढ्या राहिलेला मराठी यहुदी. त्याची निम्मी हयात किनाऱ्यावरच्या दांडी गावात होड्या दुरुस्त करण्यात गेली आणि उरलेली बोईसरच्या एका फर्निचर कारखान्यात. तिथे त्याच्या शेजारी महादू काम करायचा. महादू डोंगरातला वारली आदिवासी. त्याचा बाप ख्रिस्ती झाला, तेव्हापासून घरात येशूची भक्ती होती. दोघे एका डब्यात जेवायचे. सणाला एलूकडून महादूच्या घरी गोड पोह्यांचा मलिदा जायचा.

पुढे महादू पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मोपदेशक, झाला. त्याच्या लहानशा मंडळीने चार भिंती उभ्या केल्या, पण आत पुलपीट नव्हते. एलूने दांडीतल्या एका मोडलेल्या होडीचे सागवान आणले. शनिवारी, यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी, तो हत्याराला हात लावत नसे. रविवारी कारखाना बंद असे, तेव्हा तो मला घडवायचा.

"दादा, आमच्या देवळासाठी तू कशाला राबतोस?" महादूने एकदा विचारले.

"तुमी त्यावर बायबल ठेवनार, त्यात पयलं माझ्या बापजाद्यांचंच शास्त्र ना? मग जागा चांगली नको?" एलू हसून म्हणाला.

ते माझे सुखाचे दिवस होते. नव्या प्रार्थनाघरात लग्न लागले की लोक माझ्या कडांवरून हात फिरवायचे, मिस्त्रीचे नाव विचारायचे. एलूची बायको वारली, मुलगी दीना लग्न करून इस्राएलला गेली. मग तो दर रविवारी येऊन बाहेरच्या ओट्यावर बसू लागला. प्रार्थना चालू असताना आत कधी आला नाही, आणि त्याला कोणी बोलावलेही नाही. गाणी संपली की महादूसोबत चहा पिऊन घरी जायचा.

एका रविवारी शहरातून सुजीत नावाचे उपदेशक पाहुणे म्हणून आले. आवाज खणखणीत होता. ते माझ्या दोन्ही कडा घट्ट धरून बोलू लागले. देवाने अब्राहामाला दिलेली वचने आता यहुद्यांची राहिली नाहीत, ती ख्रिस्ती मंडळीची झाली, असे ते म्हणाले. यहुद्यांनी ख्रिस्ताला नाकारले, म्हणून देवाने त्यांना तोडून टाकले, असेही म्हणाले. मग त्यांची नजर दारातून ओट्यावर गेली. कोणीतरी त्यांना एलूविषयी आधीच सांगितले असावे.

"देवाचं घर हाताने सजवलं म्हणून कोणी तरत नाही. बाहेर बसलेल्याने आजच आत यावं. नाहीतर त्याची जागा कायमची बाहेरच आहे!"

सगळी डोकी दाराकडे वळली. एलूने चपला पायात सरकवल्या आणि तो निघून गेला. महादू पहिल्या रांगेत बसला होता. तो गुडघ्यांवर हात ठेवून खाली बघत राहिला. उठला नाही.

त्या दुपारी सगळे गेल्यावर त्याची बायको वत्सला झाडू मारता मारता थांबली. ती चिकूच्या वाडीत कलमे बांधायला जायची.

"प्रेषित पौलानं रोमच्या मंडळीला पत्रात काय लिवलंय?" ती म्हणाली. "आपन रानातली फांदी, यहुद्यांच्या मुळावर बांधलेली. मी रायणीच्या रोपाच्या खुंटावर चिकूचं कलम बांधते. त्या कलमानं खुंटाला म्हनावं का, तू बाहेर हो?"

"पन त्यांच्यातल्या काही फांद्या तुटल्या, असंबी तोच लिवतो ना?" महादू म्हणाला.

"तुटलेली परत बांधायची ताकद देवाला हाय, हे पन तोच लिवतो. तुमी दादाच्या मागं का नाय गेलात?"

महादू बाक सरळ करू लागला.

मंगळवारी एलू आपणहून आला. दमट हवेने माझी वरची फळी उचलली गेली होती, ती बसवायला. खिळ्याऐवजी त्याने लाकडी खुंटीच ठोकली. त्याला धाप लागत होती. महादू शेजारी येऊन उभा राहिला.

"तू माझ्यासाठी प्रार्थना करतोस का रे?" एलूने मान वर न करता विचारले.

"रोज."

"काय मागतोस?"

महादू अडखळला. "तू येशूला वळखावंस, म्हनून."

"आनि मी तसाच गेलो तर?"

एलूने हत्यारे पिशवीत भरली.

"आमचे पूर्वज बोट फुटून या किनाऱ्याला लागले, असं आमी म्हनतो. पोथ्या बुडाल्या. एक प्रार्थना तेवढी तोंडात राहिली. तरी देवानं आमाला टाकलं नाय, महादू. तो बोललेलं विसरत नाय. तू तुझं मागत राहा, मला राग नाय. फक्त एक कर. मी गेल्यावर मला माझ्या लोकांच्या हाती दे. माझ्या नावानं खोटं काय सांगू नको."

"नाय सांगनार, दादा."

महादूला आणखी काही बोलायचे होते. ओठ हललेले मी पाहिले. पण एलू पायरी उतरून गेला होता.

त्यानंतर दहाव्या दिवशी एलूचे हृदय थांबले. महादू दवाखान्यात पोचला तेव्हा अंगावर चादर ओढलेली होती. ठाण्याहून त्याचे लोक आले. त्यांनी त्याला आपल्या रीतीने नेले. महादू दफनभूमीच्या भिंतीपाशी उभा राहिला आणि सगळे पांगल्यावर परत आला. हे मला वत्सलाच्या बोलण्यातून कळले.

शनिवारी संध्याकाळी सुजीत पुन्हा आले.

"शेवटी त्याने येशूचं नाव घेतलं, असं उद्या सांगा," ते समजुतीच्या सुरात म्हणाले. "लोकांचा विश्वास वाढेल. तुमच्याही मनाला शांती मिळेल. कोण विचारायला येणार आहे?"

ते गेल्यावर महादू बराच वेळ माझ्यावर कोपरे टेकून उभा होता. एवढे एक वाक्य बोलले की मित्र तरला, असे त्यालाही मानता आले असते.

रविवारी तो बोलला. "एलूदादा जसा जगला तसाच गेला. तो यहुदी होता. त्यानं येशूचं नाव घेतलं नाय. मी रोज मागत होतो, ते मला मिळालं नाय. पौलालाबी आपल्या यहुदी लोकांसाठी काळजात सारखी वेदना होती. तरी देव दिलेलं बोलावनं माघारी घेत नाय, असं त्यानं लिवलं. देव त्यांना कसा तारील, ते मला सांगता येत नाय. पन देवानं त्यांना टाकलं असं जो म्हनतो, त्याच्यामागं मी जानार नाय. आनि ज्या दिवशी इथून तसं म्हटलं गेलं, त्या दिवशी मी गप बसलो. ते पाप माझं."

कोणी रडले, कोणी उठून गेले. पुढच्या महिन्यात निम्मी मंडळी सुजीत यांच्या नव्या सभागृहात जाऊ लागली. आता इथे सात घरे येतात. माझ्या पायांना वाळवी लागली आहे. पॉलिश गेले, कडा काळ्या पडल्या. मिस्त्रीचे नाव आता कोणी विचारत नाही.

मागच्या डिसेंबरात एक बाई आत आली. केस पिकायला लागलेले, हातात लहान बॅग. ती दीना होती. तिने माझी फळी हाताने चाचपली आणि महादूला विचारले, "काका, तुमच्या शास्त्राप्रमाणे माझ्या बाबांचं काय होणार?"

"मला ठाव नाय, पोरी," महादू म्हणाला. "मला एवढंच ठाव हाय, की त्या रविवारी मी उठायला पायजे होतं."

दीना पहिल्या बाकावर बसली, तोंडावर पदर घेतला. महादू तिच्यापासून थोड्या अंतरावर बसला. त्या दिवशी माझ्यामागे कोणीच उभे राहिले नाही.

मित्रांनो, मी लाकूड आहे. मला उठता येत नाही. तुम्हाला येते. दाराबाहेर बसलेल्या तुमच्या माणसाला कोणी देवाच्या नावाने दुखावले, तर त्याच्या मागोमाग जा. देवाने काय ठरवले आहे ते नंतर वाचा. तो पायरी उतरायच्या आत त्याला गाठा.